बर्फाच्या खणातलं गाजर

२२ जानेवारी १९९०, सोमवार

आज आणलं — गाजरं पाच किलो, दहा रुपये. लाल भोपळा एक, सात रुपये. दुधी दोन, तीन रुपये. बारीक जाळीची स्टीलची गाळणी, नऊ रुपये (दहा सांगत होता). बर्फाचे ट्रे दोन, अॅल्युमिनियमचे, चोवीस रुपये.

हे पिशवीत डोकावून म्हणाले, "भाज्या करतेस का दारूगोळा?"

दारूगोळाच समजा.

लेक प्रमिला डी.एड.च्या परीक्षेसाठी काल बाळाला घेऊन धुळ्याहून आली. एप्रिलपर्यंत इथेच. बाळ पाच महिन्यांचं, वजन पाच किलो चारशे. मागच्या महिन्यात बाळंतीण सासरी पोचवायला गेले, तेव्हा विहीणबाईंनी — भिकुबाईंनी — बाळाला हातात घेऊन वर-खाली केलं आणि ओटीवर बसलेल्या दहा बायकांसमोर म्हणाल्या, "पोऱ्या काडी व्हई गया. दूधबी मोजीसन पाजतंस का तुम्हना घर?"

बायका हसल्या. मी चहा न पिता उठले.

मी हिशोबी आहे. तूप चमच्यानं वाढते, काडेपेटीच्या काड्या मोजते. पण नातवाचं दूध मोजलं नाही. देवाशप्पथ नाही.

याचं उत्तर तोंडानं द्यायचं नाही. वजनानं द्यायचं.

२३ जानेवारी

देवीला बोलले. एकवीरामाता धुळ्यातच बसलेली, विहिणीच्या शेजारची. तिला कसं सांगणार? म्हणून वणीच्या आईला बोलले — भिकुबाईंनी माझ्यापुढे पदर पसरला की खण-नारळ घेऊन गडावर येईन. मुक्ताई संत, तिच्याकडे असलं मागवत नाही.

२५ जानेवारी

फ्रिज आपल्याकडे नाही. भिकुबाईंकडे आहे. त्यात थंड पाण्याच्या बाटल्या, आणि दाराला कुलूप.

शेजारच्या सायरबाईंना विचारलं. कापडाच्या दुकानवाले, जैन. भली बाई. म्हणाल्या, "वरचा बर्फाचा खण तुमचाच समजा अक्का. फक्त जमीकंद नको हं. कांदा, बटाटा, गाजर — जमिनीखालचं काही नको. आमच्या सासूबाई गेल्या, पण नेम आहेत."

मी "बरं" म्हणाले. पाच किलो गाजरं घरात होती.

२७ जानेवारी

आजपासून सुरुवात. भोपळा नि गाजर कुकरच्या डब्यात मऊ शिजवलं. पुरणासारखं वाटलं, मग गाळणीवर वाटीच्या बुडानं घासून काढलं. चोथा आम्ही थालीपिठात खाल्ला. मीठ नाही, साखर नाही. गार करून ट्रेमध्ये ओतलं, वर ओलं फडकं.

गाजर नि भोपळा निम्मानिम्मा. रंगात रंग मिसळला, कुणाला कळायचं नाही. सायरबाईंनी ट्रे हातात घेऊन पाहिला. "भोपळा किती छान उतरलाय," म्हणाल्या.

पूजेला बसले तर मन लागेना. पण डॉक्टर म्हणाले होते, गाजरानं बाळ अंग धरतं. आणि गाजर थंडीतच मिळतं. आता साठवलं नाही तर संपलं.

३ फेब्रुवारी, शनिवार

आणखी सहा किलो आणली. शेवटची असतील. वड्या गोठल्या की ट्रे उपडा करून ठोकते, पावडरच्या रिकाम्या डब्यात भरते. डबे तीन झाले. वर चिठ्ठी चिकटवली — "भोपळा".

प्रमिलालाही भोपळाच सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

उष्टावण झालं. मामानं खीर चाटवली, ती बाळानं हनुवटीवर आणून सोडली. मग मी एक वडी वाटीत घालून गरम पाण्यात विरघळवली, वर तुपाचा थेंब. जीभ लावली, थांबलं, माझ्याकडे बघितलं. नि मग चमचाच धरून ठेवला!

४ मार्च

वजन सहा किलो तीनशे. कार्डावर लिहून धुळ्याला टाकलं. बाकी मजकूर काही नाही. फक्त वजन.

१९ मार्च

आज रव्याची पेज दिली. थुंकलं. वरणभात कुस्करून दिला. ओकलं. वडी आणली की हात उडवतं.

प्रमिला म्हणाली, "आई, याला दुसरंही खायला शिकव ना. तिकडे गेल्यावर काय करू?"

मी म्हटलं, "शिकेल गं. घाई काय?"

घाई नाहीच. उलट आता मुद्दाम दुसरं काही देत नाही. भिकुबाईंच्या हातचा घास याच्या घशाखाली उतरू नये. दहा बायका बोलावून बघू दे.

८ एप्रिल, रविवार

सात किलो चारशे! दवाखान्यातल्या बाईंनी काटा दोनदा बघितला. कार्ड टाकलं.

सायरबाईंची आयंबिलाची ओळी चालू आहे. नऊ दिवस, एकवेळ, अळणी. तूप नाही, दूध नाही. वडी घ्यायला गेले तर माळ ओढत होत्या. खुणेनंच म्हणाल्या, घ्या.

फ्रिजचं दार लावताना आवाज होऊ दिला नाही.

१५ एप्रिल, रविवार

परीक्षा संपली. आज भिकुबाई स्वतः आल्या, जावई जीवरामराव सोबत. बाळाला उचललं. हात खाली गेला त्यांचा. मी बघत होते. "चांगला" एवढंसुद्धा नाही. फक्त म्हणाल्या, "उद्या लई जासूत."

मी म्हटलं, "बारा दिवसांवर आखाजी. लेकी माहेरी येतात, ही आलेली लेक तुम्ही नेता?"

"तीन महिना व्हयनात तिले. आते आम्हना घर आखाजी."

अक्षय्यतृतीयेचा सण, नि लेक झोक्यावर नाही. गौराई मांडायची, गाणी म्हणायची, नि माझं अंगण रिकामं. हे खाली मान घालून सुपारी कातरत बसले.

१६ एप्रिल

गेली. जाताना प्रमिला म्हणाली, "भोपळ्याचं नीट लिहून दे. तिकडे फ्रिज आहे, मी करीन."

लिहून दिलं. माझं अक्षर चांगलं आहे. भोपळा शिजवणे, वाटणे, गाळणे, तूप थेंबभर. सगळं खरं. गाजर लिहिलं नाही. सायरबाईंकडे एक डबा अजून भरलेला आहे, तोही दिला नाही. बाजारात गाजर आता दिवाळीनंतर.

करा म्हणावं भोपळा.

२१ एप्रिल, शनिवार

प्रमिलाचं कार्ड. बाळ भोपळा तोंडात घेतं नि फुर्रकन उडवतं. दुधी नाही, पेज नाही. नुसतं अंगावर पितं. सासूबाई चिडलेल्या.

देवीपुढे नारळ फोडला. अर्धा आजचा, अर्धा उद्याच्या चटणीला. संध्याकाळी कितीतरी दिवसांनी मनापासून आरती म्हटली.

२३ एप्रिल

कार्ड नाही.

२५ एप्रिल, बुधवार

जीवरामरावांचं आंतरदेशीय. त्यांचं अक्षर, पण मजकूर भिकुबाईंचा. खाली त्यांचा अंगठा, शाईचा.

बाळाला जुलाब लागले. आता दूधही धड ओढत नाही. वजन सहा किलो आठशे. भिकुबाईंनी तीन भोपळे आणून तीनदा वाटले, प्रमिलाला हात लावू दिला नाही, स्वतःचं बोट पोळलं. एकवीरेच्या पायऱ्या चढून आल्या. पोर जेवेल तेव्हा जेवीन म्हणून परवापासून अन्न सोडलंय. शेवटी लिहिलंय — "विहीणबाई, मी पदर पसरते. तुमच्या हातात काय आहे ते सांगा."

चार वेळा वाचलं.

जे मागितलं ते मिळालं. शब्दाला शब्द. देवीनं तसूभर इकडे-तिकडे केलं नाही. खण-नारळ द्यायला हवा.

सहा किलो आठशे.

२६ एप्रिल, गुरुवार

सकाळी सायरबाईंकडे गेले. बसा म्हणाल्या, बसले नाही. उभ्यानंच सांगितलं — डब्यात भोपळा आहे, पण निम्मं गाजर आहे. जानेवारीपासून.

गव्हातले खडे वेचत होत्या. हात थांबले.

"माझ्या ओळीतसुद्धा?"

"हो."

"विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही दुसरीकडे सोय केली असती. एवढंच झालं असतं, अक्का."

मला भांडण हवं होतं. ओरडल्या असत्या तर दोन शब्द मीही बोलले असते. त्या उठल्या. म्हणाल्या, "डबा तुम्हीच काढा. मी हात लावणार नाही." मी काढला. मग त्यांनी आतून थर्मास आणून माझ्यापुढे ठेवला. "बर्फ घाला यात. धुळ्यापर्यंत टिकेल. परत आणू नका."

बाहेर पडले तेव्हा मागे त्या मोलकरणीला सांगत होत्या, फ्रिज बंद कर, सगळं बाहेर काढ, धुवायचाय.

एकतीस वड्या. हे साडेदहाच्या एस.टी.नं निघाले. मला म्हणाले, "चल ना तूही." नाही गेले. कोणत्या तोंडानं?

२७ एप्रिल, शुक्रवार. आखाजी.

यांच्याबरोबर दिलेल्या पत्राची नक्कल:

सौ. भिकुबाईंस सप्रेम नमस्कार.

तुमच्या हाताला दोष नाही. बाळाला गाजराची सवय आहे. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, प्रमिलालाही ठाऊक नाही. मार्चपासून त्याला दुसरं काही खाऊ दिलं नाही, तेही मुद्दाम. जुलाब चालू आहेत तोवर डॉक्टरांना विचारून द्या. रोज दोन वड्या, गरम पाण्यात वाटी ठेवून. चार दिवसांनी त्यात तुमचा भोपळा चमचाभर मिसळा, मग दोन चमचे. वड्या संपेपर्यंत सवय मोडेल. चमचा तुम्ही स्वतःच्या हातानं धरा.

ओटीवर बोललात ते मी विसरलेले नाही. विसरेन असंही वाटत नाही. पण तुम्ही आज जेवा.

बाळानं पहिली वडी घेतली की नाही, तेवढं उलट टपाली कळवा.