उघडा राहिलेला डोळा

११ नोव्हेंबर, सोमवार
गिरडहून हिंगणघाटच्या दवाखान्यात सुखरूप पोचलो. पित्ताच्या पिशवीत खडे झालेत, उद्या ऑपरेशन. खिडकीबाहेर कडुनिंब, त्यावर पोपट. मन कसं शाळेच्या सहलीला आल्यासारखं झालं. चौथीत असताना पाठ केलेली पोपटाची कविता मोठ्यानं म्हटली. शेजारच्या खाटेवर अल्लीपूरचा तानबा, अपेंडिक्स काढून पडलेला. त्यानं विचारलं, गुरुजी, ताप आला का? जन्मभर मी असल्याच डोक्यांना कविता शिकवली! भिंतीवर स्वच्छतेचा संदेश रंगवलाय, त्यात ‘हात’ला ‘साथ’ जोडलंय. ज्यांना यमक जुळवता येत नाही, ते माझी कातडी काय जुळवणार?

१२ नोव्हेंबर, सकाळ
परीक्षेला निघताना आई डोक्यावर खोबरेल थापायची. कपाळावरून भिवयांपर्यंत ओघळायचं. आज तसंच थापलं. ज्योत्स्ना सिस्टर म्हणाली, आजोबा, चेहरा पुसा. भुलेत पापण्या पुरत्या मिटत नाहीत, म्हणून चिकटपट्टी लावतो, ती तेलावर टिकत नाही. तानबा खिदळला, पुसून घ्या न गुरुजी, भजे काढाचे हायेत का? मी दाखवण्यापुरता टॉवेल फिरवला. या पोरीनं मला डोळे मिटायला शिकवावं!

१३ नोव्हेंबर
खडे गेले. पण डाव्या डोळ्यात वाळू घातल्यासारखी आग. भूल देणारे डॉक्टर गजेंद्र पुटपुटले की पट्टी निसटली, डोळा उघडा राहून सुकला, वर कापड घासलं. बुबुळावर ओरखडा आहे. मलम घालून वर बोळा बांधला. भरेल म्हणाले, पण चिघळलं तर नजर जाईल. पुटपुटणाऱ्यांना मी वर्गाबाहेर उभं करायचो. पण नजर गेली तर कविता कशानं वाचू?
बोळ्याखाली अंधार हवा. तिथे दिवा दिसतोय. ऑपरेशनचा, मोठा, गोल.

१४ नोव्हेंबर
दिव्याखाली हिरवे कपडे, वाकलेली डोकी. डाव्यानं तेव्हा पाहिलेलं असणार. गजेंद्र म्हणतात, भुलेत कुणी काही पाहत नाही. अडाणी!
डोकी निघून जातात. एक जण उरतो. मास्क बांधलेला. डोळ्यांच्या जागी दोन चिकटपट्ट्या. बोटांनी माझा चेहरा चाचपतो. पापण्या शोधतो.
तानबाला विचारलं, तुला टेबलावर कोण दिसलं? म्हणाला, काई नाई दिसलं, डोये चिपकवले होते न. तुमी काऊन विचारून राह्यले?
म्हणून चिकटवतात तर.

१५ नोव्हेंबर
आता तो उजव्या डोळ्यालाही दिसतो. भर दुपारी, तानबाच्या खाटेपाशी. त्याच्या मिटल्या पापण्या चाचपल्या, सोडल्या. आंधळा, चाचपडणारा, कवायतीत पाय चुकवणारा ढ — मी हसलो.
त्यानं पट्ट्यांचा चेहरा माझ्याकडे वळवला.
हसायला नको होतं —

१६ नोव्हेंबर
ज्योत्स्नाला हात जोडले. स्पिरिटनं चेहरा घासून घेतला. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या लावून गेली. न बघता लिहितोय — ओळी चढत असतील — चढू देत —
तानबाला घरी सोडलं. खाट रिकामी. तरी करकरली.
कविता म्हणतोय. पोपटाची. दुसरं कडवं — दुसरं —
तेलाचा थेंब नाही. पट्टी घट्ट आहे. घट्ट आहे.
उजवीची कड — कुणीतरी — नखानं —