बदली खेळाडूच्या पाच ओळी

१२ जून २००१, मंगळवार. कोथरूड.

हिंजवडीच्या ऑफिसात आज एका अमेरिकन संकेतस्थळासाठी एका जुन्या अमेरिकन फुटबॉलपटूची कारकीर्द ठरलेल्या पाच ओळींत बसवत होतो. नेहमीचे खेळाडू महायुद्धात लढायला गेले म्हणून संघाने याला घेतलं, ते परतल्यावर काढलं. दोनच मोसम, पण एकही सामना चुकवला नाही.

"काका, 'बदली खेळाडू' लिहा आणि सोडा," टीम लीडर नेहा म्हणाली. "अग्रलेख नाहीये तो."

खरंय. पण मीही वर्तमानपत्रात बदली म्हणूनच लागलो. रजेवरचा उपसंपादक परतलाच नाही, म्हणून तीस वर्षं टिकलो. परतला असता तर?

एकही सामना चुकवला नाही, हे ठेवलंच. सहावी ओळ झाली. मग माझं सगळ्यात झोकदार वाक्य उडवलं.

"आता कसं, बसलं!" नेहा म्हणाली.