म्हशीचं शेपूट

कोल्हापूर,
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

अज्जा,

पाया पडतो. मी बरा हाय. तू बी बराच असणार, तुला काय धाड भरलीया!

पयलं एक सांगून ठेवतो. हितनं जाणारं पत्र आमचं आकाराम सर आधी वाचत्यात, मग पाकीट चिकटवत्यात. पोरं पळून जायचा प्लॅन लिवत्यात म्हणं. तवा ह्या पत्रात मधीच मी सरांशी बोललो तर दचकू नको. सर, नमस्कार. चष्मा घाला, माझं अक्षर तुमाला म्हाईत हाय.

ही भरतीची अकॅडमी एकदम चांगली हाय. (बघा सर.) पहाटं शिट्टी, पळायचं, गोळा फेकायचा, आमटी प्यायची. आमटीतली डाळ जो हुडकंल त्याला भरतीत डायरेक्ट घ्यावं, असं मी म्हटलं तर मलाच जादा राऊंड पडलं. भिंतीवर काचा लावल्यात. गेटला कुलूप. फोन कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली सरांच्या कंबरंच्या करगोट्याला.

अप्पानं पोटच्या पोराला हितं आणून कोंडावं, असं मी काय केलतं एवढं? देवळाच्या भोंग्यावरनं ‘डेअरीत बोनस डबल’ एवढंच तर वरडलोतो. सगळं गाव पासबुकं घिऊन डेअरीच्या दारात, आणि चेरमन म्हणून आपला अप्पा आतनं कडी लावून गप. त्या दिवशी अप्पा कोंडून बसल्यालं, आता मी बसलोय. फिट्टंफाट.

तुझं लाकडाच्या तुकड्यांचं कोडं पोचलं. दिवाळीला मला सोडलं न्हाय म्हणून तू धाडल्यालं. म्हस लई भारी झालीया, शिंगं तर एक नंबर. हितली पोरं दात काढाय लागली, “सतरा वर्साचा घोडा झालास आणि लाकडाची म्हस खेळतोस व्हय रं?” मी म्हटलं, माझा अज्जा फौंड्रीत साच्यासाठी लाकडाचं पॅटर्न करत हुता. त्येच्या पॅटर्नवरनं तुमच्या बापाच्या ट्रॅक्टरचं पार्ट वतल्यात. मग तुकडं हातात घिऊन बघाय लागली.

अज्जी तुझ्या करवतीच्या मशीनीला अजून सवतच म्हणती का? शिलाई मशीनीगत खडखड चालायची, तू फुंकर मारायचास आणि भुसा सगळा अज्जीच्या भाकरीवर. आणि ती, “ह्या सवतीला आदी घराभायीर काढा!”

तर म्हस मी हातरुणावर जोडली. तेवढ्यात सर राऊंडला आलं, ‘अभ्यासाच्या टायमाला खेळ?’ म्हणून मोडून ऑफिसात घिऊन ग्येलं. आणि आता स्वताच अडकल्यात. रोज सांच्याला हजेरी झाली की टेबलावर म्हस. परवा मला बोलवून घेतलं.

“ए शिवांश, हिचा पाय कुठं हाय रं?”

“जितं तुमी शिंग बसवलायसा तितं, सर.”

पुरी जोडल्याबिगर परत देणार न्हाईत म्हणं.

अज्जा, गोष्ट ही हाय की ती पुरी हुती. मी जोडली तवा एक बी तुकडा कमी न्हवता.

तुझं कोडं कवा पुरं आलंय रं? बेडूक धाडलास तवा त्येचा डोळा ठेवून घेतलास. कोंबडा धाडलास तवा तुरा. चुलत्याची शांभवी पुण्याला शिकत हुती, तवा तिच्या मोराचा पाय. वर चिठ्ठी, ‘एक तुकडा माझ्या खिशात हाय, येऊन न्हे.’ आणि आम्ही नातवंडं यष्टीनं धडपडत यायचो. तू कोपरीच्या खिशात हात घालून आदी तपकिरीची डबी काढायचास, मग कुठलीतरी किल्ली, आणि लई रडवून मग तुकडा.

आवंदा म्हस शेपटासकट आली. चिठ्ठी न्हाय.

मला वाटलं, इसरलास. मग वाटलं, अप्पानं दम दिला असंल, भरती झाल्याबिगर पोराला बोलवायचं न्हाय म्हणून. तसं असलं तर तू बी त्यांच्याच पार्टीत ग्येलास, आपली कट्टी.

पण शिंगाचं मी मगाशी खोटं लिवलं. शिंगाची रेघ थरथरल्याली हाय. कडा बी घासल्याल्या न्हाईत, एक कुसळ माझ्या बोटात ग्येलं. काचकागद मारल्याबिगर तू कवा कुणाच्या हातात तुकडा दिलायस?

रविवारी पाच मिंटं फोन मिळतो. दर रविवारी अप्पा म्हणत्यात, “अज्जा झोपलाय.” दुपारी चारला? तू? मागनं मशीनीची खडखड बी ऐकू येत न्हाय.

सरांकडं रजा मागिटली. रूल हाय म्हणं, भरतीपतुर रजा न्हाय, घरात कोण वारलं तरच. सर, मला तसली रजा नको. तुमी दिलीसा तरी घेणार न्हाय.

म्हणून काल सर हजेरीला ग्येलतं तवा शेपटाचा तुकडा उचलला. त्यो ह्या पाकिटात हाय. सर, टेबलाखाली हुडकू नका, झाडूवाल्या मावशीवर वरडू नका. आत्ता तुमच्याच हातात हाय. काढून घ्यायचा असला तर घ्या. तुमची म्हस पुरी हुईल, माझ्या अज्जाचा खिसा मोकळा ऱ्हाईल. न्हायतर पाकीट चिकटवा आणि शेपूट आणाय मला गावाकडं, चंदगडच्या गाडीत बसवा. शेपूट घिऊन माघारी येतो, आईशप्पत. पळायचंच असतं तर तुमाला इचारत बसलो असतो व्हय?

अज्जा, तुकडा आला की खिशात ठेव. कडा मी न्हाणीच्या दगडावर घासल्यात, तुला टोचणार न्हाईत. हातरुणात असलास तर उशाखाली ठेव, पण तुझ्याच उशाखाली. अप्पाकडं द्यायचा न्हाय, शांभवीकडं बी न्हाय.

आणि मी आलो की लगेच काढायचा न्हाय. आदी डबी काढ. मग किल्ली काढ. मला रडव. तवर कुठं जायचं न्हाय.

तुझ्या खिशातला,
शिवांश