घोरणाऱ्याला उठवा

३ नोव्हें.
त्या सकाळी मी बांबूवर बोंबील वाळत घालत होते. भात चुलीवर, नितीनचा शाळेचा शर्ट दोरीवर. बोट लवकर परतली असं कोणीतरी ओरडलं. म्हटलं बरं झालं, मासळी लवकर लागली. मासळी नव्हती. ह्यांना आणलं होतं, चादरीत.
आज परत सगळं डोळ्यांपुढे आलं. आता नितीन ज्या बोटीवर जातो, तिच्या शेजारच्या बोटीवरचा दिलीप गेला. तसाच. पाठदुखीसाठी त्या गुंगीच्या गोळ्या खाल्ल्या, छान घोरत होता म्हणे.
बोटीवर झोपलेल्याला उठवायचं नाही, ही आपली रीत. जाळं ओढून दमलेला असतो. ह्यांच्या अंगावर तर बोट चालवणाऱ्या तांडेलाने स्वतःची चादर घातली होती. मायेने.
दिरांनी गावात हार्ट सांगितलं. दिलीपच्या घरचेही तेच सांगतायत.

५ नोव्हें.
आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी पत्रक दिलं. अक्षर लावत वाचलं. खरखर घोरणं, ओठ निळे, हाकेला ओ नाही. ती झोप नसते, श्वास बंद पडत असतो. हलवायचं, कुशीवर वळवायचं, श्वास थांबला तर तोंडाने द्यायचा. लगेच दवाखाना, तिथे उताऱ्याचं इंजेक्शन असतं.
एवढंच कोणी तेव्हा सांगितलं असतं तर
नितीनच्या उशाखाली गोळ्या सापडल्या. सुट्या, पाकीट नाही.
"पाठ धरते आई. बोटीवर सगळेच घेतात."
बापाचं वय गाठलं नाही अजून.

६ नोव्हें.
मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. म्हटलं, वादळाची सूचना भोंग्यावर देता, पत्रकातली ही पण द्या.
"वहिनी, गावाची बदनामी होईल. पोरांची लग्नं जमायची नाहीत."
"मेलेल्यांची कुठे जमतात?"
हसले. देतो म्हणाले.

८ नोव्हें.
दिली सूचना! "गोळ्या खाणाऱ्याला बोटीवरून उतरवू, पोलिसांत देऊ." घोरण्याचं, उठवण्याचं एक अक्षर नाही.
घरी आले, उशी उचलली. गोळ्या नव्हत्या. सोडल्या वाटलं, महालक्ष्मीला हात जोडले. नितीन दारातून बघत होता.
"आता कोणी उशाखाली ठेवत नाही. कोणी कोणाला सांगतही नाही. लपून घेतात. बस, झालं समाधान?"
आधी निदान शेजारच्याला ठाऊक असायचं, ह्याने घेतली म्हणून. आता तेही गेलं. माझ्यामुळे.
उद्या त्याची बोट सुटणार. जेवला नाही धड. मी पण नाही. डोळा लागेल तर

१० नोव्हें.
काल लिहिलं नाही.
काल बोटी सुटायच्या आधी भोंग्याच्या खोलीत गेले. चेअरमन म्हणाले, "काय सांगायचंय वहिनी?" म्हटलं, "हवामान." त्यांनी माईक दिला.
मी बोलले. "मी चंद्रकांतची बायको. चंद्रकांत हार्टने गेला नाही, गोळ्यांनी गेला. घोरत होता, म्हणून झोपू दिला. दोष कोणाचा नाही, माहीत नव्हतं. आता माहीत आहे. बाबांनो, गोळी घेऊ नका. घेतलीच तर शेजारच्याला सांगा. घोरणारा हाकेला उठला नाही तर झोपू देऊ नका, बोट फिरवा. पोलिसांचं नंतर बघू."
चेअरमननी बटण बंद केलं, पण तोवर झालं होतं बोलून. त्यांच्याकडे बघितलं नाही.
बाहेर आले. नितीनच्या बोटीचं इंजिन सुरू झालेलं, धूर मागे. त्याला ऐकू गेलं का, कळलं नाही. हात केला. तो दोर आत ओढत होता.
मग सुक्या बोंबलांची टोपली घेऊन तलासरीच्या बाजाराला गेले.