ताईच्या टेबलाचे पाय

दि. १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. मी बरा आहे. कारखान्यात पेट्या ठोकण्यावरून काढून मला आता मापं घेण्याच्या कामावर घातलंय.

पत्राचं कारण म्हणजे, मी टेबल केलंय. स्वतःच्या हातांनी. वरची फळी केव्हाच तयार होती, घोडं अडलं पायांपाशी. चार कोपऱ्यांना चार पाय नको होते. मधल्या रेषेत दोनच जाड, नक्षीदार खांब, आणि त्यांच्यामध्ये तीस इंच मोकळी जागा. साधे पाइप कुठेही मिळाले असते, पण तसं टेबल दवाखान्यातलं वाटतं.

जुन्या लाकूडसामानाच्या बाजारात सात रविवार फिरलो. एका दुकानदाराने वाघाच्या पंजांचे पाय काढले.

"बघा! राजाच्या घरीसुद्धा नसतील असले!"

"पंजे फार पुढे येतात. खुर्चीची पाय ठेवायची पट्टी अडकेल."

"खुर्चीला कसली आलीय पट्टी?"

मी टेप गुंडाळली. तो म्हणाला, "भाऊ, टेबल करताय की मुलगी बघायला आलाय?"

आठव्या रविवारी मिळाले. पाडलेल्या नाट्यगृहाच्या जिन्याचे खांब, कातीव, पोटाशी फुगीर, वर वेलबुट्टी. एकतीस इंचांवर कापले, तळाला आखूड, जड ठोकळे बसवले. मी वर चढून उभा राहिलो. तसूभर हललं नाही. मला सहसा कशाचीच खात्री नसते, पण ह्या टेबलाची आहे.

तुझ्या चाकांच्या खुर्चीची मापं कुठून आणली, असं तू विचारशीलच. भावजींनी ती धुऊन अंगणात वाळत ठेवली होती. फाटक उघडून आत आलो, खुर्चीच्या हातांची उंची साडेएकोणतीस इंच, रुंदी पंचवीस, लिहून घेतलं. आतून तुझा आवाज आला, "अहो, मीठ कुठे लपवलंत?" मी तसाच परत फिरलो. दोन वर्षांत तुझ्या इतक्या जवळ आलो ते तेवढंच.

आता खरं लिहितो. तू पडलीस तेव्हा शिडी घसरली, असं मी सगळ्यांना सांगितलं. शिडी घसरली नव्हती. पडद्याची दांडी सरळ बसतेय का, ते लांबून बघायला मी ती सोडून तीन पावलं मागे गेलो होतो. "धरलीयेस ना रे?" असं तू विचारलंस, आणि मी "हो" म्हणालो.

तो "हो" लांबून आला, हे तुला कळलं असणार. तू कुणापाशी अवाक्षर काढलं नाहीस. म्हणूनच मला तोंड दाखवता येईना.

रविवारी दहाला येतो. टेबल टेम्पोतच राहील, आधी मी एकटा दारात उभा राहीन. तोवर हे पत्र भावजींना वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस. टेबल ठेवायचं की नाही आणि मला आत घ्यायचं की नाही, दोन्ही तूच ठरव. पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ह्या वेळी मी परत फिरणार नाही.

ज्याच्या भरवशावर तू शिडी चढलीस तो,
तुझा धाकटा