बड्या साहेबांचं काडतुसं भरायचं यंत्र

रविवार, ९ नोव्हेंबर २००८

काडतुसं भरायचं यंत्र! घरी! आणि ते मी निवडायचं!

सकाळी बड्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या अरब मालकांनी, केबिनमध्ये बोलावलं. ह्या मंदीत गेल्या आठवड्यात बोलावलेल्यांपैकी चौघे परत जागेवर बसलेच नाहीत. आमच्या मजल्यावर आता खुर्च्या जास्त नि माणसं कमी. पण साहेब हसत होते. टेबलावर रिकाम्या काडतुसांची पिशवी ओतलेली — लाल, हिरवी टरफलं. बारा बोरची बंदूक घेऊन दर शुक्रवारी क्लबवर मातीच्या तबकड्या उडवतात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. "गुणवंत, ये सब फेंक देता हूँ. अब घर पे भरेगा. अच्छा मशीन देखो. तुम पर्चेसवाला है."

परवाना, पोलिसांची परवानगी वगैरे त्यांचा वकील बघणार. मी फक्त यंत्र बघायचं. सोळा वर्षं टाइल्स, प्लायवूड, एसीचे डक्ट घेतले. आता हे! घरी बायकोला, प्रज्ञाला सांगितलं तर म्हणाली, "घे बाबा, तोफ मागितली तरी घे. नोकरी राहू दे."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कॅटलॉग मागवले. दोन जाती आहेत. एक साधं — एका वेळी एकच काडतूस, प्रत्येक पायरीला दांडा ओढायचा, टरफल हाताने यंत्राच्या पुढच्या घरात ठेवायचं. बुडातली ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढा, नवी बसवा, बंदुकीची दारू नि छर्रे भरा, तोंड दुमडा. दुसरं फिरत्या चकतीचं. एकदा दांडा ओढला की सगळ्या घरांतली कामं एकदम, आणि दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर. ते तिप्पट महाग. साहेबांना अर्थातच तेच आवडणार.

अण्णांची फार आठवण आली. एकतीस वर्षं वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तराजूवर होते. घरातसुद्धा तीच शिस्त. चहाची पूड घालताना कुणी हाक मारली तर घातलेली पूड परत डब्यात ओतायचे नि पहिल्यापासून सुरू. आई वैतागायची — "अहो, चहाच आहे तो, बॉम्ब नाही!" अण्णा म्हणायचे, "मोजताना बोललं की मोजलेलं खोटं." आम्ही भावंडं मुद्दाम हाका मारायचो. माकडंच होतो!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जागा न बघता मी साधा नळ घेत नाही. म्हणून सुट्टीचा दिवस घालवून शारजाहून साहेबांच्या व्हिलावर गेलो. गॅरेजमध्ये लाकडी बाकडं केलंय, उजेड चांगला, एसीसुद्धा. माप घेतलं.

मग मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत बसवलं. साहेबांनी स्वतः चहा केला माझ्यासाठी — मोठा मान! बोलता बोलता घरचं विचारलं. मी सांगून टाकलं. वैभवी दहावीला आहे, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, शारजातच सेंटर. त्याआधी माझी नोकरी गेली तर व्हिसा रद्द, एक महिन्यात गाशा गुंडाळायचा आणि पोरीचं वर्ष पाण्यात. एवढं सगळं बोलून गेलो. लाज वाटली. साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मार्च तक तुमको कोई नहीं निकालेगा. मेरा ज़बान है."

परत येताना टॅक्सीत डोळे पुसले. सोळा वर्षं सप्लायरांना सांगत आलोय, तोंडी काही चालणार नाही, लेखी आणा. पण ह्या माणसाकडे कागद कसा मागायचा? शोभलं असतं का!

शनिवार, १५ नोव्हेंबर

एक गोष्ट काल लिहिली नाही. लिहायची नव्हती.

स्वतःच्या चहात साहेबांनी दोन चमचे साखर घातली, ढवळली. बोलत राहिले. मग परत दोन चमचे घातली, ढवळली. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि आत स्वयंपाक्यावर ओरडले — इतनी शक्कर किसने डाली! तो बिचारा आला आणि कप उचलून नवा ठेवून गेला. त्याला हे रोजचं असावं. तबकड्यांची एकच गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली. आणि निघताना दाराशी विचारलं, "तुम किस काम से आया था?"

साखरेच्या जागी दारू असती तर?

गुरुवार, २० नोव्हेंबर

दोन्ही जातींच्या यंत्रांच्या पुस्तिका अक्षर न् अक्षर वाचल्या. फिरत्या चकतीवर मधेच थांबलं, विसरलं, परत ओढलं की कुठल्या घरात काय झालं ते लक्षात ठेवायला लागतं. साध्यावर तर सगळंच लक्षात ठेवायला लागतं. दारू दोनदा पडली तर बंदूक हातात फुटू शकते. असं यंत्र नाही ज्यात माणसाने विसरलं तरी चालेल. शोधलं मी. खरंच शोधलं.

प्रज्ञाला सांगितलं. तिने पोळी लाटायची थांबवली. "तू डॉक्टर आहेस का? मशीन आण, सलाम कर आणि मार्चपर्यंत तोंड बंद ठेव." मग जरा वेळाने, हळू — "खरंच चार चमचे घातली रे?"

वैभवीने आतून ऐकलं असणार. जेवताना म्हणाली, "बाबा, आर वी हिअर टिल बोर्ड्स ऑर नॉट? जस्ट टेल मी." हो म्हटलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

कालपासून टीव्ही बंद नाही. मुंबई. दादरला भावाला फोन लागला, सगळे बरे आहेत. काडतुसांची फाइल आज उघडलीच नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

तिन्ही कोटेशनं आली. धीर करून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. शक्य तितकं गोड बोलून सांगितलं — साहेब, ह्या कामाला एकटं बसू नये, डोळे दमतात, हात दमतो, तयार काडतुसंच घ्यावीत. सरळ बोलायची छाती झाली नाही. ते रागावले नाहीत. तिन्ही कोटेशनं एकावर एक ठेवून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "ठीक बोलता है. खलास. मशीन नहीं."

अक्षरशः तरंगत जागेवर आलो! इतकं सोपं होतं!

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी लिफ्टमध्ये साहेब. "गुणवंत! मेरा मशीन कब आएगा?"

रविवार, १४ डिसेंबर

ईदच्या सुट्ट्या संपल्या. ह्या दोन आठवड्यांत साहेबांनी चारदा विचारलं. चारही वेळा मी समजावलं, चारही वेळा "खलास" म्हणाले. आज मात्र त्यांनी परस्पर सेक्रेटरीला सांगितलं, फिरत्या चकतीचंच ऑर्डर करा, कॅश देतो. ती माझ्याकडे सहीला आली.

म्हणजे सांगून उपयोग नाही. लिहायला हवं. आणि लिहिलं की त्याची प्रत राशिदसाहेबांकडे जाणार. साहेबांचा मुलगा, हल्ली सगळा कारभार त्याचाच. आमच्याकडे खिळ्यांच्या खरेदीलासुद्धा तीन कोटेशनांचा तक्ता होतो, खाली माझी शिफारस, बापलेक दोघांच्या सह्या. तो नियम मीच घालून दिलाय. शहाणा मी!

पोराला बापाबद्दल असं कळवायचं? ज्या माणसाने माझ्या हातावर हात ठेवला त्याच्याबद्दल? अण्णांना विचारलं असतं तर नुसते बघत राहिले असते माझ्याकडे. ते बघणं फार वाईट असायचं.

सोमवार, १५ डिसेंबर

तक्ता दिला. तीन रकाने, तीन यंत्रं, किमती, वॉरंटी. शिफारस — 'एकही नाही.' कारणात चहाचं लिहिलं. केलेलं काम साहेबांच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे कुठलंही यंत्र त्यांच्या हाती सुरक्षित नाही, असं स्वच्छ इंग्रजीत लिहिलं. तीनदा वाचलं. मग सही केली.

बुधवार, १७ डिसेंबर

राशिदसाहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. तक्ता समोर होता. तो त्यांनी माझ्याकडे फिरवला. मग म्हणाले, घरात सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी म्हणायला तयार नव्हतं. ते स्वतःसुद्धा नाही. "तुमने मेरे बाप का हाथ बचाया." उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. बंदूक कपाटात, किल्ली मुलाकडे. सह्यांचे अधिकारही आता मुलाकडे. डॉक्टरांची वेळ घेतलीय.

घरी येऊन प्रज्ञाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं रे. खरंच बरं झालं." वैभवीला नवं भूमितीचं गाइड आणलं. आज शांत झोप लागणार.

रविवार, ४ जानेवारी २००९

साहेब महिनाभर तरी ऑफिसला येणार नाहीत म्हणे. त्यांची केबिन पुसून बंद केली. ती लाल-हिरवी टरफलं कुणीतरी फेकून दिली असतील. एक मी आधीच ड्रॉवरमध्ये ठेवलंय, का ते माहीत नाही.

वैभवीचं परीक्षेचं वेळापत्रक आलं. फ्रिजवर लावलं.

गुरुवार, ८ जानेवारी

दुपारी एचआरच्या अजराने नोकरीवरून काढल्याचं पत्र दिलं. तीस दिवस. तिला माझ्याकडे बघवेना. मी तडक राशिदसाहेबांकडे गेलो. सांगितलं — बड्या साहेबांनी मला मार्चपर्यंतचा शब्द दिलाय, मजलिसमध्ये, माझ्या हातावर हात ठेवून. ते खरंच कासावीस झाले. फाइल उघडून माझाच तक्ता त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "गुणवंत, बाबा को याद नहीं रहता. तुमने ही लिखा है." मग अगदी हळू — "कुछ लिखा हुआ है तुम्हारे पास?"

सोळा वर्षांत एवढा एकच सौदा मी तोंडी केला होता.