कागदाच्या माथ्यावर

कँटन, दाओग्वांग बादशहांचं अठरावं वर्ष, तिसऱ्या महिन्याची नवमी

ती. ताईस, चियुंगचा वाकून नमस्कार, वि. वि.

एक अक्षर केवढ्याला पडतं, ते सांगतो. अकरा दिवसांना. दाजींच्या मानेत लाकडी फळी अडकवलेले अकरा दिवस. जहाजात अफू नाही, अशी हमी आम्हा दुभाष्यांच्या कचेरीची, तीवर शिक्का दाजींचा. आणि पेट्या सापडल्या. जहाज परत धाडल्याचं इंग्रजांच्या साहेबाने लिहून दिलं की दाजी सुटतील. तो तयारही आहे. पण कागदाच्या माथ्यावर आपल्या लिपीतलं ‘अर्ज’ हे एक अक्षर नसेल, तर सुभेदार कागदाला हात लावत नाहीत. साहेब म्हणतो, मी माझ्या राणीचा चाकर, तुमच्या सुभेदाराचा नव्हे; पत्र देईन, अर्ज करणार नाही. चार वेळा कागद वेशीवरून परत आला.

गोऱ्यांची भांडी घासत इंग्रजी शिकलाय तुझा भाऊ! आज ते अक्षर मीच माथ्यावर लिहिलं आणि कागद आत सरकवला. घाबरू नकोस. त्यांच्यात आपलं अक्षर वाचणारा एक माणूस नाही. मी वाचून दाखवीन तेच त्यांना कळणार.

फळीमुळे दाजींचा हात तोंडाशी पोचत नाही, पेज मी भरवतो. खारी मासळी धाड म्हणतात. जिभेचे चोचले शाबूत आहेत. तुझी माया आहे तशीच असू दे.

चियुंग

श्यांगशान, पौर्णिमा

चि. चियुंगला ताईचे उदंड आशीर्वाद.

सुटकेचा हुकूम निघाल्याचा तुझा निरोप सासूबाईंनी नावाड्याकडून तीनदा वदवून घेतला. मासळी पाठवते आहे, सगळी तूच गिळू नकोस. यांना म्हणावं, शिक्के मारायची हौस फिटली असेल तर घरी येऊन छप्पर शाकारा. आणि एवढं सोपं होतं, तर अकरा दिवस कशाला लागले रे शहाण्या? दोघांनी जपून या, वाट पाहते.

ताई

कँटन, वद्य अष्टमी

ताई,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू? सुभेदारांच्या उत्तरात ‘तुमचा अर्ज पोचला’ असं होतं. साहेबाला वाचून दाखवताना मी ते शब्द गाळले. दुसऱ्या सकाळी त्याने मला बोलावून विचारलं, अर्ज केला कोणी? आणि सुभेदारांना कळवलं, आपण अर्ज केलेलाच नाही, कागद परत द्यावा.

हुकूम रद्द झाला. खोट्या अक्षराबद्दल चाळीस फटके, तेही कचेरीचा शिक्का ज्याच्या हाती त्याला, म्हणजे दाजींना. हात माझा होता, असं मी चावडीत ओरडून सांगितलं. कारकून म्हणाला, सुभेदारांना दुभाषा लागतो, तू गप्प बस. दाजीही म्हणाले, पुरे कर चियुंग, घरात एक तरी धडधाकट राहू दे. तिसऱ्या दिवशी ते गेले. मासळी चौथ्या दिवशी पोचली.

त्यांना नावेतून आणतो आहे. मला दारातून हाकलून दे, पण त्यांना आत घे. माया ठेव म्हणायचा हक्क मला उरला नाही.

चियुंग

ता. क. साहेबाकडे एक पाद्री असतो. बारा वर्षं मकावला राहिलेला. आपली लिपी तो माझ्यापेक्षा चांगली वाचतो.